खिशातला चाकू : अडीच हजार वर्षांचा इतिहास आणि माझी एक रेडी



गेल्या महिन्यात बांधावर ठिबकची नळी कापताना खिशातला चाकू काढला, तर शेजारच्या रानातल्या एका पोरानं विचारलं, "काका, ह्यो केवढ्याला घेतला?" मी किंमत सांगितली. पोरगं हसायला लागलं. संध्याकाळपर्यंत आख्ख्या कळंब्यात झालं की याला पैसा जास्त झालाय, साडेअकरा हजाराचा चाकू घेऊन फिरतोय. तर म्हटलं, एकदा सगळं नीट लिहूनच टाकावं. का घेतला, कसा निवडला, आणि त्याच्यासाठी वाचता वाचता मला काय काय कळलं. मी दहावी पास माणूस. इतिहासाचा मास्तर नव्हे. पण दोन पावसाळे या एका विषयाच्या मागं लागलो होतो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी रेडीचं सांगतो.

२०१९ चा ऑगस्ट कोल्हापूरकर विसरणार नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि त्या आठवड्यात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमचं कळंबा उंचावर, तळ्याच्या अंगाला, आम्हाला पुराचं भ्या नाही. पण माझी धाकटी बहीण प्रयाग चिखलीला दिलेली. पाणी चढायला लागल्यावर मी जनावरं सोनतळीला न्यायला म्हणून गेलो. पोचेपर्यंत गोठ्यात छातीइतकं पाणी. दोन म्हशी आणि कोपऱ्यात दीड वर्षाची रेडी. दाजींनी विळ्यानं म्हशींची दावी तोडली. मी रेडीकडं गेलो.

दावं नायलॉनचं. निरगाठ. भिजून दगड झालेली, वर जनावर ओढ घेतंय. माझ्या खिशात चाकू होता, बाजारातला बिननावाचा, दीडशे रुपयाचा. एका हातानं मी दावं धरलं होतं, आणि चाकू उघडायला नखाची खाच. म्हणजे दोन हात पाहिजेत. दावं सोडून दोन्ही हातांनी लागलो तर सांध्यात गंज. नख तुटलं. शेवटी दातानं धरून उघडला, दाव्यावर दोन-तीन वेळा ओढला. पातं बोथट, नायलॉनवरनं नुसतं घसरत होतं. जोर लावला तर पातं मिटलं ते थेट माझ्या बोटावर. बहीण पायरीवरनं ओरडत होती, "दादा, लवकर कर की!" दाजी विळा घेऊन पोचले तोवर रेडी पाण्याखाली गेली होती.

बोटाला चार टाके पडले. त्याचं काही नाही. बहिणीनं ती रेडी पहिल्या दिवसापासून वाढवलेली. ती मला कधी बोलली नाही, म्हणून जास्त लागतं.

नंतर बसून विचार केला. त्या चाकूत चार खोडी होत्या. एका हातानं उघडत नव्हता. उघडल्यावर अडकून राहत नव्हता. गंजला होता. आणि दोराला धार लागत नव्हती. या चार खोडींवर जगात कुणी काही उपाय काढला असेल का, हे शोधायला लागलो, आणि इतिहासातच घुसलो.

घडीचा चाकू ही कालची गोष्ट नाही. ऑस्ट्रियात हॉलश्टाट म्हणून मिठाच्या खाणींचं गाव आहे. तिथल्या काळातला हाडाच्या मुठीचा, घडी होणारा लोखंडी चाकू सापडलाय, इसवी सनापूर्वी ६००-५०० च्या आसपासचा. रोमन लोकांकडं तर फारच होते. इंग्लंडात केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियममध्ये तिसऱ्या शतकातलं एक रोमन हत्यार ठेवलंय. चांदीचं, त्यात घडी होणारा चमचा, काटा, टोच्या आणि लोखंडी पातं. म्हणजे आजच्या स्विस चाकूचा खापरपणजोबाच.

रोमनांचं आपल्याला काय, असं म्हणू नका. पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरी टेकडी आहे. १९४५-४६ साली तिथं उत्खनन झालं, डॉ. सांकलिया आणि दीक्षित यांनी केलं. तिथल्या ठेव्यात रोमन बनावटीच्या काशाच्या वस्तू निघाल्या. समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती आपल्या टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे, सीपीआरला जाता-येता बघून या. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात आपलं गाव त्या जगाशी देणंघेणं करत होतं. घडीचा चाकू काही तिथं निघालेला नाही. पण ज्या लोकांचा माल इथं येत होता, त्यांच्या खिशात तो होता एवढं नक्की.

आता आपल्याकडं बघू. आपल्या म्हाताऱ्यांच्या कमरेला काय असायचं? चंची. तिच्यात पानं, सुपारी, चुन्याची डबी आणि अडकित्ता. रोज जवळ बाळगायचं आपलं हत्यार म्हणजे अडकित्ताच. पुण्याच्या राजा केळकर म्युझियममध्ये अडकित्त्यांचे नमुने बघा, घोड्याचे, मोराचे, माणसांच्या जोडप्याचे. सुपारी कातरायला आपल्या लोकांनी एवढं डोकं आणि हौस लावली. रानातल्या कामाला मात्र विळा, खुरपं, कोयता. ते लोहार करायचा आणि त्याचं बलुतं सुगीला धान्यात द्यायचं. धार काढायला रोख पैसे कुणी मोजत नव्हतं.

छोटा चाकू आपल्याकडं होता तो कारकुनाकडं. मोडी लिहायला बोरू लागायचा आणि बोरूचं टोक तिरकं छाटायला चाकू. त्याला फारसी शब्द कलमतराश. गंमत अशी की इंग्रजीतही खिशातल्या छोट्या चाकूला पेननाईफ म्हणतात, कारण तिकडं पिसाची लेखणी त्यानं तासायचे. म्हणजे चाकू खिशात गेला तो लिहिणाऱ्याच्या, दोन्हीकडं.

पुढं विलायती चाकू आले. शेफिल्ड हे इंग्लंडातलं चाकूचं गाव. तिथं सतराव्या शतकात मुठीच्या पाठीला स्प्रिंग बसवायची युक्ती रुजली. त्या स्प्रिंगच्या दाबानं पातं उघडं राहतं आणि मिटलेलं मिटून राहतं. आजही बाजारातल्या साध्या चाकवात तीच युक्ती आहे. ते पातं पक्कं अडकत नाही, नुसतं दबून राहतं. माझं बोट त्याच फरकात गेलं. शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्सची खूण १६८२ सालची, तारा आणि क्रूस. रॉजर्सचा चाकू आपल्या मुलखातही नावाजलेला होता.

पण शेफिल्डला चांगलं पोलाद कळायच्या कितीतरी आधी ते आपल्या दख्खनेत होत होतं, हे माझ्या डोक्यात आजवर शिरलंच नव्हतं. त्याला इंग्रजांनी वुट्झ म्हटलं. कानडीत पोलादाला उक्कु म्हणतात, त्यावरनं तो शब्द गेला असं मानतात. निपाणी-बेळगावकडच्या वाचकांनी हा शब्द ऐकला असेल. तेलंगणातल्या कोनासमुद्रमला मुसा भरून हे पोलाद करायचे आणि तिथला माल इराणपर्यंत जायचा. रीत अशी : मातीच्या मुशीत लोखंडाचे तुकडे, वाळक्या लाकडाच्या काटक्या आणि हिरवी पानं घालून तोंड बंद करायचं आणि भट्टीत ठेवायचं. दक्षिणेत ही कृती इंग्रजांनी लिहून ठेवली, तिच्यात लाकूड कुठलं? तरवडाचं. आणि पानं रुईची. आपल्या बांधावर उगवतात ती दोन्ही. लाकडातला-पानातला कार्बन लोखंडात उतरतो आणि लोखंडाचं पोलाद होतं. कृषी पदवीधर मंडळींना हे वाचून गंमत वाटेल.

१७९५ साली जॉर्ज पिअर्सननं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढं या वुट्झवर निबंध वाचला. नंतर मायकेल फॅरेडे, तोच विजेवाला, यानं १८१९ च्या सुमारास जेम्स स्टोडार्ट नावाच्या चाकूवाल्याबरोबर त्यावर प्रयोग केले. फॅरेडेचा बाप लोहार होता. लोहाराचा पोरगा आपल्या पोलादाचं कोडं सोडवत बसला होता. आपल्याकडं मात्र स्वस्त विलायती लोखंड आलं, जंगलातला कोळसा मिळेना, आणि त्या भट्ट्या विझल्या. कानूनही आला. १८७८ च्या शस्त्र कायद्यानं लोकांची हत्यारं परवान्याखाली गेली. रानातली अवजारं राहिली, पण बारीक, नाजूक, महागडं पातं करणारे हात इथं कमी होत गेले.

आणि नेमक्या त्याच काळात जगात तीन ठिकाणी शेतकऱ्याच्या खिशातला चाकू जन्माला आला. हा योगायोग मला लई आवडला.

पहिला फ्रान्सच्या सव्वा डोंगरी भागात, त्या मुलखाचं नाव साव्हुआ. १८९० साली जोसेफ ओपिनेल नावाच्या अवजारं करणाऱ्या घरातल्या पोरानं लाकडी मुठीचा साधा चाकू केला. एक ते बारा नंबरचे आकार ठेवले. आठ नंबर सगळ्यात खपतो. आजही तो तसाच आहे आणि परवडणारा आहे. दुसरा स्वित्झर्लंडात. कार्ल एल्सनर यानं १८८४ ला इबाख गावी कारखाना काढला. त्यांच्या सैन्याला चाकू हवे होते आणि पहिली खेप जर्मनीतल्या झोलिंगेनहून आणावी लागली, कारण देशात करणारा नव्हता. एल्सनरनं इतर कारागीर गोळा केले आणि १८९१ पासून सैन्याला चाकू द्यायला लागला. जर्मनवाले स्वस्त देत होते, यात तो जवळजवळ बुडाला होता. १२ जून १८९७ ला त्यानं अनेक पात्यांचा अधिकाऱ्यांचा चाकू नोंदवला आणि तोच जगभर गेला. तिसरा जपानात, मिकी गावात, हिगोनोकामी. पत्र्याची दुमडलेली मूठ आणि मागं अंगठ्यानं दाबायचा पात्याचा शेपूट. पोरं पेन्सिली त्यानंच तासायची.

या तिन्ही गावात तेव्हा पैसा नव्हता. आपल्याकडं त्याच काळात लक्ष्मणराव किर्लोस्कर लोखंडी नांगर करत होते. पहिल्या नांगरांना गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षं गेली, लोकांना वाटायचं लोखंडानं जमीन नासते. १९१० ला किर्लोस्करवाडी उभी राहिली. कडबा कापायचं यंत्र आपल्या मातीतनं आलं, नांगर आला, पुढं कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनं आली. खिशातला चाकू मात्र कुणी मनावर घेतला नाही. आमच्या वडिलांचा चाकू गावच्या लोहारानं ट्रकच्या पाट्याचा केलेला, शिंगाची मूठ, एक रिवीट. धार अशी की केसं उतरायची. पण तो दुसऱ्या दिवशी पुसला नाही तर तांबूस व्हायचा. वडील रोज रात्री त्याला खोबरेल लावायचे. मी त्यांच्या माघारी ते बंद केलं आणि चाकू गंजून गेला. ही माझी चूक.

आता माझ्या चार खोडींचे उपाय कसे निघाले ते सांगतो.

गंज. १९१३ साली शेफिल्डला हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळीसाठी टिकाऊ पोलाद शोधत होता. क्रोमियम घातलेलं एक पोलाद गंजेना. सुरुवातीला चाकूवाल्यांना ते पोलाद नीट वळवता येईना, तर 'न कापणाऱ्या चाकूचा शोध लावणारा' म्हणून त्याची टिंगल झाली. एल्सनरच्या कारखान्यानं १९२१ ला हे स्टेनलेस घेतलं. त्याची आई व्हिक्टोरिया १९०९ ला वारली तेव्हा तिचं नाव त्यानं मालाला दिलेलं. स्टेनलेसला फ्रेंचमध्ये इनॉक्स म्हणतात. दोन्ही जोडून झालं व्हिक्टोरिनॉक्स. चाकवावर आईचं नाव आहे, हे वाचून मला बरं वाटलं.

पातं अडकणं. ओपिनेलनं १९५५ ला मुठीच्या तोंडाशी फिरणारी कडी बसवली. कडी फिरवली की पातं हलत नाही. १९६४ च्या सुमाराला अमेरिकेतल्या बक कंपनीनं ११० नंबरचा चाकू काढला, मागं दाबायची खिट्टी असलेला. शिकारी आणि गुरंवाले लोक त्यानंच कामं करायला लागले. पुढं ख्रिस रीव्ह नावाच्या दक्षिण आफ्रिकेच्या माणसानं अमेरिकेत जाऊन १९९१ च्या आसपास सेबेन्झा नावाचा चाकू काढला. टायटॅनियमची मूठ आणि त्या मुठीचाच एक भाग आत सरकून पात्याला टेकतो. वेगळी खिट्टी नाही. सेबेन्झा हा झुलू शब्द, त्याचा अर्थ काम. महागड्या चाकूंच्या शौकिनांत तो मानाचा.

एका हातानं उघडणं. १९८१ ला अमेरिकेतल्या स्पायडर्को कंपनीनं पात्याला गोल भोक ठेवलं. अंगठा भोकात घालायचा आणि ढकलायचा. मुठीला खिशात अडकवायची पट्टी. म्हणजे चाकू खिशाच्या तळाला, चिल्लर-तंबाखूत हरवत नाही. त्या पहिल्या चाकूचं नाव वर्कर, म्हणजे कामकरी.

दोर. करवतीसारखी लाटा-लाटांची धार नायलॉनला साध्या धारेपेक्षा चांगली धरते. हे आपल्याला नवीन नाही, जुन्या दात्र्या विळ्याचं तत्त्व तेच.

चारही उपाय जगात होते, आणि माझ्या खिशात एकही नव्हता.

घेताना मी काय तपासलं ते आता. कुणाला घ्यायचा असेल तर उपयोगी पडेल.

सेबेन्झा पहिल्यांदा डोक्यातनं काढला. चार-पाचशे डॉलर आणि वर जकात. उसाला टनाला तीन हजार धरले तर चौदा-पंधरा टन ऊस खिशात घालून फिरायचं. चाकू उत्तम असेल, पण चिखलात पडला तर मी चाकूसाठी उडी मारीन, जनावरासाठी नव्हे. जी वस्तू वापरायला जीव धजत नाही ती कामाची नव्हे.

व्हिक्टोरिनॉक्सचा एक नमुना आहे, त्याचं नावच फार्मर. ९३ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची मूठ, पातं, लाकडाची करवत, टोच्या, डबा उघडणी. डाळिंबाची, पेरूची बारीक फांदी करवतीनं सुरेख निघते. बागवाल्याला मी डोळे मिटून हाच सांगीन. पण त्याचं पातं अडकत नाही आणि नखानंच उघडतं. माझी गरज वेगळी होती.

ओपिनेलची लाकडी मूठ भिजली की फुगते आणि पातं निघता निघत नाही. बांधावर भाकरी-कांद्याला मस्त, पुराच्या पाण्यात नाही.

शेवटी स्पायडर्कोच्या एका मालिकेवर आलो, तिचं नाव सॉल्ट, म्हणजे मीठ. समुद्रावरच्या लोकांसाठी केलेली. यातलं एच-वन नावाचं पोलाद असं आहे की त्यात कार्बनच्या जागी बरंच काम नायट्रोजनकडनं करून घेतलंय. पोलादातला कार्बन क्रोमियमला धरून बसतो, मग गंज अडवायला क्रोमियम मोकळं कमी राहतं. नायट्रोजननं ती अडचण टळते आणि मिठाच्या पाण्यातसुद्धा पातं तांबूस होत नाही. शेतकऱ्याला नायट्रोजन फक्त युरियाच्या गोणीत ठाऊक, तो पोलादातही असतो हे मला पहिल्यांदा कळलं. चाकू होतो जपानात सेकी गावी. तिथं तलवारी घडवायची परंपरा सातशे वर्षांहून जुनी. पिवळी मूठ घेतली, गवतात पडला तरी दिसावा म्हणून. दात्र्या धारेचा घेतला.

घेताना एकदा फसलोही. आधी फोनवरनं एक मागवला, अर्ध्या किमतीत. आला तो नकली. पातं उघडल्यावर डावीकडं-उजवीकडं डुलत होतं, अक्षरं पुसट. परत केला. मग पुण्यात नोकरीला असलेल्या भाच्याला सांगितलं आणि त्यानं दुकानातनं हातात घेऊन, बघून आणला. चार गोष्टी बघायला लावल्या होत्या. उघडून पातं आडवं हलवायचं, डुलता कामा नये. खिट्टी न दाबता पाठीकडनं दाब द्यायचा, मिटता कामा नये. मिटल्यावर टोक मुठीच्या बाहेर राहता कामा नये. आणि ओल्या हातानं, डाव्या आणि उजव्या दोन्ही हातानं उघडून बघायचा.

घरी किंमत लपवली नाही. मालकीणबाई म्हणाल्या, "आवं, साडेअकरा हजाराचा चाकू? त्यात एक शेळी आली असती." मी म्हटलं, "आली असती." पुढं दोघंही काही बोललो नाही. तिलाही रेडी आठवली असणार.

आता त्याचे दोष. दात्री धार सहाणेवर निघत नाही, तिला गोल काडीसारखा दगड लागतो. ते शिकायला मला चार महिने गेले. कलमाला हा चाकू चालत नाही. द्राक्षाचं, आंब्याचं कलम करायला एका अंगानं सपाट, एकाच अंगानं धार असलेला सरळ चाकू लागतो, नाहीतर दोन्ही काप जुळत नाहीत. तो वेगळाच ठेवा. आणि एच-वन जरा मऊ आहे, साध्या धारेचा घेतला तर धार लवकर जाते असं वापरणारे सांगतात.

चाकू कुठलाही असो, एक गोष्ट बागायतदारांनी ध्यानात ठेवा. हत्यारातनं रोग जातो. डाळिंबाचा तेल्या कात्रीनं झाडाझाडावर फिरतो. उसाचा खोडवा खुजा करणारा रोग बेण्याच्या कोयत्यानं पसरतो. म्हणून पातं बुडवायला सोडियम हायपोक्लोराइटचं एक टक्का पाणी सांगतात. ते चांगलंच, पण ते पोलादाला खातं, स्टेनलेसलासुद्धा डाग पाडतं. काम झालं की साध्या पाण्यानं धुवा, पुसा, तेलाचा हात फिरवा. वडील खोबरेल लावायचे ते उगीच नव्हतं.

कायद्याचंही सांगतो. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं परवान्याखाली येतं. घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातनं वगळली आहेत. माझं पातं चार इंचाच्या आत आहे. तरी जिल्ह्यात शस्त्रबंदीचा आदेश असतो तेव्हा, निवडणुकीला, मिरवणुकीला, मोर्चाला, चाकू घरी ठेवतो. कोर्टात, कचेरीत नेत नाही. उजळाईवाडीच्या विमानतळावर हातातल्या पिशवीत नेला तर काढून घेतील. बटण दाबल्यावर फाटकन उघडणाऱ्या चाकूच्या वाटेला जाऊच नका. रानात त्याचा उपयोग नाही आणि बघणाऱ्याला तो अवजार वाटत नाही. पोरांनो, रुबाबासाठी चाकू बाळगू नका. रामपूरच्या कारागिरांचा चाकू कारागिरी म्हणून एक नंबर होता, पण सिनेमात गुंडाच्या हातात गेला आणि कारागिराचं नाव मागं पडलं.

आता शेवटचं. २०२४ च्या जुलैत पंचगंगेनं परत धोक्याची पातळी ओलांडली. मी चाकू घेऊन चिखलीला गेलो. जाऊन बघतो तर बहिणीनं दोन दिवस आधीच जनावरं सोनतळीला हलवलेली. एक म्हस मागं राहिली होती, ती सोडायला मी खिशात हात घातला. बहीण म्हणाली, "दादा, थांब." तिनं दाव्याचं एक टोक ओढलं आणि गाठ सुटली. सुरगाठ. २०१९ पासनं पावसाळ्यात तिच्या गोठ्यात निरगाठ मारत नाहीत.

साडेअकरा हजाराचा चाकू खिशातच राहिला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. पुराच्या पट्ट्यातल्या सगळ्यांना माझं पहिलं सांगणं हेच, जून लागला की गोठ्यातली प्रत्येक गाठ सुरगाठ करा. त्याला पैसा लागत नाही. त्याच्यानंतर चाकू, आणि तो दीडशेचा असला तरी रोज पुसलेला, तेल लावलेला आणि ओल्या हातानं उघडून बघितलेला पाहिजे.

तुमच्या घरात वडिलांचा, आजोबांचा लोहारानं केलेला चाकू किंवा अडकित्ता असेल तर फोटो टाका. कुणी केला, कशाचा केला, तेही लिहा. लोहारांची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत, निदान आपल्या पानावर तरी राहू देत.